फडके रोडवरचा पाडवा : स्वागतयात्रेची वाटचाल

शाळेची इमारत, आपले शिक्षक, गाजलेली स्नेहसंमेलने यांवर या स्मरणिकेत इतरांनी लिहिले आहेच. संपादक मंडळाने माझ्याकडे शाळेच्या फाटकाबाहेरचा विषय सोपवला : डोंबिवलीची गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा. शाळेच्या स्मरणिकेत हा विषय कशाला, असे कोणी विचारील. आपल्या कितीतरी तुकड्यांतील मुले-मुली या यात्रेत कधी लेझीम घेऊन, कधी ढोल बांधून, कधी नुसती शिट्टी गळ्यात अडकवून चालली आहेत. मीही पहिल्या वर्षापासून एक स्वयंसेवक आहे. म्हणून हा आढावा.

आमच्या लहानपणी पाडवा हा घरातला सण होता. सकाळी खिडकीत किंवा गॅलरीत गुढी, तोंडात कडुनिंबाचे पान, दुपारी श्रीखंड-पुरी आणि संध्याकाळी गुढी उतरवून साखरेची माळ कोणाला मिळणार यावरून भांडण. रस्त्यावर काहीच घडत नसे. रस्ता गणपतीचा. लोकमान्य टिळकांनी १८९३-९४ च्या सुमारास गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप देण्यासाठी पुढाकार घेतल्यावर तो घराबाहेर आला, मंडळे झाली, वर्गणी आली, कार्यकर्त्यांच्या पिढ्या तयार झाल्या. पाडव्याच्या वाट्याला ते आले नव्हते.

नव्वदच्या दशकात ३१ डिसेंबरच्या रात्रीचा जल्लोष आपल्या मध्यमवर्गीय वस्त्यांतही शिरला. त्यावर नुसती टीका करण्यापेक्षा आपले नववर्ष आपण थाटात साजरे करू, हा विचार डोंबिवलीचे माजी नगराध्यक्ष आबासाहेब पटवारी यांनी मांडला. श्री गणेश मंदिर संस्थानाने तो उचलून धरला आणि १८ मार्च १९९९ रोजी, शके १९२१ च्या पहिल्या दिवशी, पहिली यात्रा निघाली.

हे डोंबिवलीतच का जमले, याचा मी बराच विचार केला आहे. हे चाकरमान्यांचे गाव. सकाळी सातची लोकल, रात्री आठला घर. अशा गावात माणसांना सार्वजनिक कामाला वेळ नसावा, असे वाटेल. प्रत्यक्षात इथे वाचनालये, व्यायामशाळा, गायन मंडळे, भजनी मंडळे, महिला मंडळे, ज्येष्ठ नागरिक संघ यांची दाटी होती. प्रत्येकाकडे दहा-वीस हक्काची माणसे. या सगळ्यांना एकत्र बसायला जागा आणि बोलावणारा विश्वासाचा माणूस हवा होता. १९२४ साली स्थापन झालेले गणेश मंदिर ही ती जागा ठरली. नवी संघटना उभारावी लागली नाही. होत्या त्यांची एक रांग लावली.

पहिल्या वर्षी मी एका लेझीम पथकामागे पाण्याची पिंपे ठेवलेल्या हातगाडीबरोबर होतो. पुढे पालखी, मागे नऊवारीतल्या बायका, फेटे बांधलेले पुरुष. फेटा बांधता येणारे आमच्या गटात दोघेच, त्यामुळे पहाटे चारपासून त्यांच्यापुढे रांग. रस्त्याकडेला उभे असलेले लोक आधी कुतूहलाने पाहत होते. मग त्यांतलेच काही चपला सरकवून आमच्याबरोबर चालू लागले. आपण निव्वळ प्रेक्षक नाही, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही. माझ्या मते यात्रेचे यश त्या क्षणात आहे.

पुढची वाढ वेगाने झाली. चित्ररथ आले. सुरुवातीला पौराणिक व ऐतिहासिक देखावे जास्त. नंतर पाणी वाचवा, अवयवदान, मतदान असे विषय आले. सायकलस्वार आले, दुचाकीवरच्या नऊवारीतल्या मुली आल्या, चौकाचौकांत संस्कारभारतीच्या रांगोळ्या आल्या, ढोल-ताशा पथके आली. ठाण्यात श्री कौपिनेश्वर सांस्कृतिक न्यासाने यात्रा सुरू केली, गिरगावात ती निघू लागली आणि पाहता पाहता महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत पाडव्याची सकाळ रस्त्यावर आली. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात आता गिरगावचा फोटो मोठा असतो. आम्हा डोंबिवलीकरांना त्याची थोडी चुटपुट लागते, पण अभिमानही वाटतो.

बाहेरून ही यात्रा आपोआप सरकल्यासारखी दिसते. आत तिची स्वतःची गणिते आहेत. चांद्र पंचांगामुळे पाडवा कधी मार्चच्या मध्यात, कधी एप्रिलच्या मध्यात येतो. मार्चमध्ये आला तर दहावीच्या परीक्षेशी गाठ, म्हणजे लेझीमला मोठी मुले नाहीत. एप्रिलमध्ये आला तर उन्हाशी गाठ, म्हणजे पाण्याची दुप्पट सोय. गाव रेल्वेने दुभागलेले; पश्चिमेकडचे पथक पूर्वेला आणायचे तर पुलावर कोंडी होते. दोन पथकांत अंतर राखले नाही तर ढोल आणि भजन एकमेकांत मिसळतात. लोकसभा निवडणुकीच्या वर्षी, म्हणजे २०१४, २०१९ आणि २०२४ मध्ये, पाडवा नेमका आचारसंहितेत आला; तेव्हा फलकावरचा शब्द न् शब्द तपासावा लागला. सगळे संपल्यावर पेले, फुले, कागद गोळा करणारी माणसे वेगळीच. त्यांचे फोटो कोणी काढत नाही.

वाढीबरोबर कुरबुरीही आल्या. आवाज वाढला. शुभेच्छांचे फलक यात्रेपेक्षा उंच झाले. पुढाऱ्यांनी कुठे चालायचे, यावर बैठकीचा निम्मा वेळ जाऊ लागला. आणखी एक प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. आपल्या गावात तमिळ, मल्याळी, गुजराती, हिंदीभाषक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आपल्या वर्गातही ती मुले होती. तमिळ आणि मल्याळी घरांचे नववर्ष एप्रिलच्या मध्यात, गुजरात्यांचे दिवाळीनंतर. स्वागतयात्रा गावाची म्हणायची, तर ही घरे नुसती कडेला उभी राहून चालणार नाहीत. आमच्या गटात अशा दोन शेजारणी रांगोळीला बसू लागल्या, त्या निमंत्रणपत्रिकेमुळे नव्हे, तर कोणीतरी आदल्या रात्री त्यांची बेल वाजवली म्हणून.

मग २०२० साल उजाडले. त्या वर्षी पाडवा २५ मार्चला होता. देशभरच्या टाळेबंदीचा तो पहिला दिवस. फडके रोडवर कुत्रीसुद्धा दिसत नव्हती. २०२१ सालीही यात्रा नाही. २०२२ मध्ये पाडवा २ एप्रिलला होता आणि निर्बंध उठवल्याची घोषणा झाली ३१ मार्चला. यात्रा निघाली, लोक आले, ढोल वाजले. मी मात्र आमच्या गटाची जुनी यादी घेऊन बसलो होतो. काही नावे कायमची गेली होती. काहींचे गुडघे गेले होते. काही कुटुंबे मुलांकडे पुण्याला, बंगळुरूला निघून गेली होती. हातगाडी ओढणारे आम्ही चौघे पहिल्या वर्षीचेच, सगळे साठीच्या आसपास.

आज परिस्थिती अशी आहे की यात्रेला माणसांची वाण नाही, कामाला आहे. तरुण मुले पथकात जीव तोडून ढोल वाजवतात, त्यासाठी महिनोन्‌महिने सराव करतात. त्यांना कष्टाचे वावडे आहे, असे मी म्हणणार नाही. पण परवानगीचा अर्ज लिहिणे, पथकांचा क्रम लावणे, रुसलेल्या मंडळाची समजूत काढणे, हे काम शिकवायला आम्ही त्यांना कधी शेजारी बसवलेच पाहिजे. गणेशोत्सवाच्या मंडळांत काका-पुतण्या अशी परंपरा चालते. इथे ती अजून रुजायची आहे. रुजली नाही तर ही यात्रा कंत्राटदाराच्या हाती जाईल. तीही सुंदर दिसेल कदाचित, पण तिच्यात चपला सरकवून शिरणारा माणूस नसेल.

या मेळाव्याला आपण मोठ्या संख्येने जमणार आहोत. अनेकांची मुले आता पथकांच्या वयाची झाली आहेत. आमच्या गटाच्या बैठका पाडव्याच्या दोन महिने आधी सुरू होतात, रात्री नऊनंतर, सगळ्यांच्या गाड्या आल्यावर. चहा असतो. खुर्च्या रिकाम्या असतात. येताना मुलांनाही घेऊन या.