प्रश्नाला वाट हवी

शिक्षणातल्या नव्या तंत्राविषयी बोलणं निघालं की ‘इंटरॅक्टिव्ह’ हा शब्द हमखास येतो. मराठीत आपण त्याला ‘संवादी’ म्हणतो. संवादी फळा, संवादी वर्ग, संवादी संकेतस्थळ. शब्द गोड आहे, पण वापरून वापरून गुळगुळीत झाला आहे. संवादाला दोन बाजू लागतात. शिकवणाऱ्याचा आवाज शिकणाऱ्यापर्यंत नेणं तंत्राला फारसं अवघड गेलं नाही. शिकणाऱ्याचा प्रश्न शिकवणाऱ्यापर्यंत आणणं मात्र प्रत्येक पिढीला अवघड गेलं. या दुसऱ्या वाटेचा इतिहास संगणकाच्या कितीतरी आधी सुरू होतो आणि त्याची काही पानं आपल्या नाशिक जिल्ह्यात लिहिली गेली आहेत.

सुरुवात करू १९५६ सालापासून. आकाशवाणीचं पुणे केंद्र सुरू होऊन तेव्हा अडीच वर्षंही झाली नव्हती. युनेस्कोच्या मदतीनं या केंद्रानं एक प्रयोग हाती घेतला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच मराठी जिल्ह्यांतली १५० गावं निवडली. प्रत्येक गावात वीसेक माणसांचं श्रोतृमंडळ तयार केलं. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम व्हायचा. शेती, आरोग्य, शिक्षण, गावचा कारभार असे विषय असायचे. असे एकूण वीस कार्यक्रम झाले.

इथपर्यंत ऐकून कुणी म्हणेल, रेडिओवर शेतकऱ्यांसाठी भाषणं, त्यात नवल काय? नवल होतं ते कार्यक्रम संपल्यानंतर. रेडिओ बंद झाला की मंडळातली माणसं आपसांत बोलायला बसत. ऐकलेलं पटलं का, आपल्या गावात ते जमेल का, यावर चर्चा होई. मंडळाचा निमंत्रक काय बोलणं झालं ते लिहून काढी आणि गावकऱ्यांचे प्रश्न टपालानं पुण्याला पाठवी. पुढच्या कार्यक्रमांतून त्या प्रश्नांना उत्तरं मिळत. आपण विचारलेला प्रश्न गावाच्या नावासकट रेडिओवर ऐकू येणं, ही त्या काळात केवढी अपूर्वाई असेल याची कल्पना करा.

या प्रयोगाचा अभ्यास मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं केला. त्याचे प्रमुख होते पॉल न्यूराथ नावाचे समाजशास्त्रज्ञ. हे मूळचे ऑस्ट्रियाचे. नाझींनी त्यांना डाखाऊ आणि बुखेनवाल्डच्या छळछावण्यांत डांबलं होतं. सुटल्यावर ते अमेरिकेत गेले आणि तिथून पुढे मुंबईला आले. एकाच माणसानं बोलायचं आणि बाकीच्यांनी मुकाट ऐकायचं, असा रेडिओ ज्या राजवटीनं वापरला, तिचा तुरुंग सोसलेला माणूस आपल्या खेड्यांत ‘ऐकणारे काय बोलतात’ हे मोजायला आला. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

न्यूराथ यांनी श्रोतृमंडळं असलेल्या आणि नसलेल्या गावांची तुलना केली. मंडळाच्या गावांत लोकांची माहिती लक्षणीय वाढली होती. मंडळ नसलेल्या गावांत, अगदी रेडिओ असूनही, फारसा फरक पडलेला नव्हता. म्हणजे यंत्र तेच, कार्यक्रमही तेच. फरक पडला होता तो चर्चेनं आणि ती चर्चा पुण्याला कळवणाऱ्या निमंत्रकानं. हा निमंत्रक मोठा तज्ज्ञ नसे. गावाला बोलतं करणं आणि त्यांचं बोलणं नीट पोहोचवणं, एवढंच त्याचं काम. आजच्या भाषेत आपण त्याला प्रशिक्षित सुलभक म्हणू. पुढे १९५९पासून ही योजना देशभर नेली गेली. मंडळांची संख्या वाढली, पण पुण्याच्या प्रयोगातला जिवंतपणा सगळीकडे टिकला नाही.

यानंतर तीन दशकांनी दुसरं पान लिहिलं गेलं, तेही नाशकातच. ब्रिटनमध्ये १९६९ साली मुक्त विद्यापीठ स्थापन झालं होतं. आपल्याकडे १९८२ साली आंध्रात आणि १९८५ साली दिल्लीत इंदिरा गांधींच्या नावानं मुक्त विद्यापीठं निघाली. १ जुलै १९८९ रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं. यशवंतराव संरक्षणमंत्री झाल्यावर नाशिकनं त्यांना बिनविरोध लोकसभेवर पाठवलं होतं. त्यांच्या नावाचं विद्यापीठ गंगापूर धरणाच्या वाटेवर उभं राहिलं, हाही एक योग. पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले. विषय भौतिकशास्त्र, पण ध्यास शिक्षणाचा. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे विद्यापीठाचं ब्रीद. बारावी झाली नसली तरी पूर्वतयारी शिक्षणक्रम करून पदवीला बसता येईल, अशी सोय या विद्यापीठानं केली. अर्ध्यावर शाळा सुटलेल्या कितीतरी बायाबापड्यांना आणि कामगारांना त्यानं दार उघडलं.

मी स्वतः या दारातून आत गेलेला माणूस आहे. नव्वदच्या दशकात मी एका छापखान्यात कामाला होतो आणि मुक्त विद्यापीठातून बी.ए. करत होतो. पुस्तकांचा गठ्ठा मिळायचा. ही पुस्तकं वेगळी होती. दोनचार पानं झाली की मध्येच थांबून ‘आता तुम्ही सांगा’ म्हणायची. उत्तरासाठी जागा मोकळी सोडलेली असायची. रविवारी अभ्यासकेंद्रात संपर्कसत्र व्हायचं. तिथल्या शिक्षकाला प्राध्यापक म्हणत नसत, ‘संमंत्रक’ म्हणत. या शब्दाची आम्ही थट्टा करायचो, पण त्यातला अर्थ मला पुढे कळला. आमचे संमंत्रक वर्गात आले की विचारायचे, “वाचून आलात ना? मग अडलं कुठं ते सांगा.” पहिले दोन रविवार कुणी तोंड उघडलं नाही. तिसऱ्या रविवारी एसटीतले एक कंडक्टर उठले आणि म्हणाले, “सर, रुपयाची किंमत घसरली असं पुस्तकात आहे. पण माझ्या बॅगेतला रुपया तर रुपयाच आहे. मग घसरलं काय?” सर क्षणभर थांबले. मग तो पूर्ण तास त्यांनी त्या एका प्रश्नावर खर्च केला. अर्थशास्त्र मला त्या दिवशी कळायला लागलं.

सरांना ही पद्धत आपोआप आली नव्हती. एरवी ते महाविद्यालयात सरळ व्याख्यान देत. दूरशिक्षणात शिकवण्याची भूमिका बदलते, हे त्यांना कुणीतरी शिकवलं होतं. शिक्षकांचं शिक्षण म्हणतात ते हे. विद्यापीठ अनुदान आयोगानं १९८७मध्ये अॅकॅडेमिक स्टाफ कॉलेजं काढली ती याच गरजेपोटी. प्राध्यापक होण्यासाठी पदवी लागते, पण शिकवावं कसं हे पदवी शिकवत नाही, ही गोष्ट त्यातून प्रथमच मोठ्या प्रमाणावर मान्य झाली.

तिसरं पान आकाशात लिहिलं गेलं. २० सप्टेंबर २००४ रोजी ‘एज्युसॅट’ हा खास शिक्षणासाठी बनवलेला उपग्रह सोडण्यात आला. त्याआधी इन्सॅट-३बीवरून जो प्राथमिक प्रयोग झाला, त्यासाठी देशातली तीन विद्यापीठं निवडली होती. कर्नाटकातलं विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ, मध्य प्रदेशातलं राजीव गांधी विद्यापीठ आणि आपलं नाशिकचं मुक्त विद्यापीठ. उपग्रहाच्या साहाय्यानं दूरच्या केंद्रातला विद्यार्थी स्टुडिओतल्या शिक्षकाला थेट प्रश्न विचारू शकेल, ही त्यातली मोठी गोष्ट. यंत्रानं वाट दोन्हीकडून खुली केली.

पण हिशेब करून पाहा. साठ केंद्रं जोडलेली असतील आणि प्रत्येकाला एकच मिनिट बोलू द्यायचं म्हटलं, तर तास तिथंच संपला. शिकवायचं कधी? यंत्र दुतर्फा असलं तरी वर्ग एकतर्फीच होण्याचा धोका राहतो, तो यामुळे. एज्युसॅट सप्टेंबर २०१०मध्ये सेवेतून निवृत्त झाला. हिशेबाचा प्रश्न मात्र मागे उरला.

त्यावर एक उत्तर मुंबईच्या आयआयटीत शोधलं गेलं. २००९ साली केंद्र सरकारनं माहिती तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. तिच्याअंतर्गत प्रा. दीपक फाटक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो अभियांत्रिकी शिक्षकांना शिकवण्याचा घाट घातला. पद्धत अशी की देशभरच्या दूरस्थ केंद्रांतले समन्वयक आधी पवईला येऊन तयार होत. मग मुख्य कार्यशाळेच्या वेळी शिक्षक आपल्या जवळच्या केंद्रात बसत, व्याख्यान पवईहून इंटरनेटवर येई आणि सराव, चर्चा, शंका हे सारं केंद्रातला समन्वयक सांभाळी. तिथं न सुटलेला प्रश्न तेवढा पवईला जाई. १९५६ सालचा निमंत्रक आठवला ना? तोच इथं पन्नास वर्षांनी संगणकापुढे बसला होता.

पुढे याच संस्थेतल्या प्रा. श्रीधर अय्यर, प्रा. सहाना मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑनलाइन अभ्यासक्रम कसा बांधावा याची एक रीत बसवली. तिच्यातली एक गोष्ट मला, कवी म्हणून, विशेष आवडली. शिकवण्याच्या चित्रफितीत शिक्षकानं ठरवून मध्येच थांबायचं. एक प्रश्न टाकायचा आणि विद्यार्थ्याला सांगायचं, आता फीत थांबव, तुझं उत्तर कागदावर लिही, मग पुढे चल. आमच्या बी.ए.च्या पुस्तकातली ती मोकळी जागाच जणू पडद्यावर आली. कवितेत यती असतो. तिथं वाचणारा श्वास घेतो आणि अर्थ त्याच्यात उतरतो. शिकवण्यातही यती लागतो.

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी आली आणि आतापर्यंत प्रयोग म्हणून चाललेली गोष्ट एका रात्रीत सगळ्यांच्या गळ्यात पडली. माझी भाची एका महाविद्यालयात शिकवते. त्या उन्हाळ्यात तिनं किती प्रशिक्षण कार्यक्रम केले याची गणती नाही. पदोन्नतीला अशी प्रमाणपत्रं लागतात. त्यातला एक कार्यक्रम ‘संवादी अध्यापन’ या विषयावर होता. त्यात सहभागी झालेल्या सगळ्या शिक्षकांचे आवाज आयोजकांनी बंद करून ठेवले होते. प्रश्न विचारायची सोय नव्हती. फोन ओट्यावर उभा करून तिनं पोळ्या लाटल्या आणि संध्याकाळी रंगीत प्रमाणपत्र ई-मेलनं आलं. ती मला म्हणाली, “मामू, जे आम्हाला कुणी अनुभवू दिलं नाही, ते आम्ही पोरांना कुठून देणार?”

तिनं स्वतःच एक उपाय काढला. तास सुरू होण्याच्या आदल्या रात्रीपर्यंत प्रत्येकानं व्हॉट्सअॅपवर एक प्रश्न बोलून पाठवायचा. सुरगाण्याकडच्या एका मुलीच्या गावात रेंज नव्हती. ती संध्याकाळी टेकडीवर जाऊन प्रश्न पाठवी. कधी नुसता वाराच ऐकू येई. दुसऱ्या दिवशीचा तास भाची या प्रश्नांनी सुरू करी, विचारणाऱ्याचं नाव घेऊन. पुणे केंद्रानं कधीकाळी गावांचं नाव घेऊन उत्तरं दिली होती, हे तिला माहीत नव्हतं. गरजेतून ती त्याच जागी पोहोचली.

त्याच वर्षी जुलैत ‘टिलीमिली’ ही मालिका सह्याद्री वाहिनीवर आली आणि पहिली ते आठवीची मुलं घरच्यांसोबत शिकू लागली. नागपूर आकाशवाणीवरून ‘शाळेबाहेरची शाळा’ भरली. ज्यांच्या घरी स्मार्टफोन नव्हता, त्यांच्याकडे जुनीच साधनं पुन्हा कामाला आली. शिक्षकांसाठी ‘दीक्षा’ आणि ‘निष्ठा’चे अभ्यासक्रम ऑनलाइन झाले. २०२३पासून अॅकॅडेमिक स्टाफ कॉलेजांची वारस केंद्रं मालवीयांच्या नावानं शिक्षक-प्रशिक्षण देत आहेत. साधनांची आज ददात नाही.

आमच्या जिल्ह्यात मालेगावला उर्दू मुशायऱ्यांची मोठी परंपरा आहे. तिथं शायर एक ओळ म्हणतो आणि थांबतो. समोरून ‘मुकर्रर’ असा आवाज आला की ओळ पुन्हा म्हणतो. मुकर्रर म्हणजे पुन्हा सांगा. श्रोत्याचा हा हक्क आहे आणि शायराला त्याचा राग येत नाही, उलट तो त्याचीच वाट पाहत असतो. नवशिक्या शायराला उस्ताद आधी हेच शिकवतात की थांबायचं कुठं आणि ऐकायचं कसं.

शिक्षकांच्या प्रशिक्षणात मला एवढीच गोष्ट हवी आहे. किती तास बसलात आणि किती प्रमाणपत्रं मिळवलीत, हे जरूर मोजा. पण त्याबरोबर हेही विचारा की तुम्ही तिथं किती प्रश्न विचारलेत, त्यांतल्या किती प्रश्नांना उत्तर मिळालं आणि परत गेल्यावर तुमच्या वर्गातलं कोण पहिल्यांदा बोललं. सत्तर वर्षांपूर्वी एका पोस्टकार्डाला जे जमलं, ते आजच्या एवढ्या वेगवान जाळ्याला अवघड जाऊ नये. त्यासाठी पलीकडे पत्र उघडणारा माणूस मात्र बसलेला हवा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)