तसबिरीची कापलेली कड

'तसबीर' हा शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला, तेव्हा त्याचा अर्थ चित्र एवढाच होता. मराठी घराने त्यात काच, लाकूड आणि खिळा यांची भर घातली. आज तसबीर म्हटले की भिंतीवरचे, चौकटीतले चित्रच डोळ्यांसमोर येते. भाषेने चित्र आणि चौकट अशी एकजीव केली. इतिहासलेखनाने मात्र चित्रकार आणि छापखाना यांची नोंद घेतली, चौकट करणाऱ्याची घेतली नाही.

आमच्यापैकी एकाच्या घरी लक्ष्मीची एक जुनी तसबीर आहे. गिरगावातल्या चाळीतून कुटुंब डोंबिवलीला आले तेव्हा तीही आली. चौकटीला वाळवी लागली म्हणून ती आम्ही स्थानकाजवळच्या एका फ्रेमवाल्याकडे नेली. त्याने मागच्या चुका पक्कडीने उपसल्या, पिवळा पडलेला पुठ्ठा काढला आणि चित्र उलटसुलट पाहून म्हणाला, "कड कापलीय." खरेच, खाली छापखान्याच्या नावाच्या अक्षरांचे वरचे अर्धे भाग तेवढे उरले होते. नाव काही केल्या लागेना.

हे कुणी आणि का केले असेल? पुण्यात १८७८ साली चित्रशाळा निघाली. १८९४ साली राजा रविवर्म्याचा शिळाछापखाना गिरगावात सुरू झाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. देवादिकांची रंगीत चित्रे सामान्यांच्या घरी पोहोचली ती अशा छापखान्यांमुळे. परंतु छापखान्यातून निघे तो कागद; त्याची तसबीर होई ती बाजारातल्या कारागिराच्या हातून. ग्राहकाला देवता हवी होती, छापखान्याचे नाव नको होते. हाताशी असलेल्या काचेत चित्र बसवायचे, तर पहिली कात्री कडेवरच चालणार. ज्या कडेवर संशोधकाचा सारा भरवसा, ती कारागिराच्या लेखी कतरण होती.

म्हणून त्याला अडाणी ठरवावे काय? आमच्या मते नाही. त्याची विद्या निराळी होती. चौकटीच्या चार कोपऱ्यांसाठी पट्टीला आठ तिरके काप द्यावे लागतात, प्रत्येक बरोबर ४५ अंशांचा. प्रत्येक कापात अर्ध्या अंशाची चूक एकाच बाजूला झाली, तर शेवटी चार अंशांचा फरक साचतो आणि अखेरचा कोपरा तोंड उघडतो. समोरासमोरच्या पट्ट्या लांबीला तंतोतंत सारख्या लागतात, नाहीतर कोन बरोबर असूनही सांधा बसत नाही. करवत, गुण्या, सरस आणि काच कापायचा हिरा एवढ्या सामग्रीवर हे काम होत असे. आता पायाने दाबायच्या यंत्राची दोन पाती एका दमात दोन्ही काप घेतात आणि इंग्रजी 'व्ही'च्या आकाराची पत्र्याची पिन कोपरा खालून जोडते.

त्याची खरी परीक्षा जरीच्या चित्रांत दिसते. काही घरांत देवतेच्या छापील चित्रावर कापड, जर, टिकल्या चिकटवून तिला वस्त्रे नेसवीत. अशा चित्राला काच टेकली तर जर चेपते. म्हणून चौकट खोल करून, आत कडेने पट्टी बसवून काच वर उचलून धरावी लागते. फोटोलाही हा नियम लागू पडतो. ठाण्याच्या खाडीकाठी आणि कल्याणच्या पावसाळ्यात भिंती ओलावतात; काचेला चिकटलेला फोटो एकदा दमटला की सोडवताना त्याचा वरचा थरच काचेबरोबर निघतो. मधले माउंट शोभेसाठी असते असे आपण समजतो. प्रत्यक्षात ते चित्र आणि काच यांत श्वासापुरते अंतर राखते. मात्र तेही चांगल्या कागदाचे हवे. हलक्या पुठ्ठ्यातले आम्ल चित्राच्या कडेने तपकिरी रेघ उमटवते, आणि ती पुसता येत नाही.

जुन्या घरांत तसबिरी उंच आणि पुढे झुकलेल्या टांगत. जमिनीवर बसलेल्या माणसाला देव नीट दिसावा आणि काचेवर उजेड चमकू नये, हा त्यामागचा हिशेब. सदनिकांत सोफे आले, तसबिरी खाली उतरल्या आणि भिंतीला सपाट टेकल्या. भिंतीची ओलही त्यांना तेव्हाच अधिक भिडू लागली.

मळवलीचा छापखाना १९७२ साली आगीत नष्ट झाला. छापणाऱ्याचे घर गेले. चित्रे उरली ती मुख्यतः लोकांच्या भिंतींवर, कुणा अनामिकाने बसवलेल्या काचेमागे. ज्या हाताने नाव कापले, त्याच हाताने चित्र राखले. हे दोन्ही एकत्र लिहिल्याशिवाय आपल्या चित्रसंस्कृतीचा इतिहास पुरा होणार नाही.

फ्रेमवाल्याने आम्हांला सोनेरी सिंथेटिक पट्टी दाखवली, आणि सागवानाचीही. आम्ही साग घेतला. "कापू नका," एवढेच बजावले. त्याने अर्ध्या अक्षरांची ती ओळ उघडी राहील अशा बेताने माउंट कापले. मागचा पुठ्ठा टाकायला निघाला, तेव्हा आम्ही तो मागून घेतला. त्याच्या कोपऱ्यावर पेन्सिलीने लिहिलेली लांबी-रुंदी आहे. त्या पहिल्या कारागिराचे अक्षर आमच्यापाशी आहे ते एवढेच.