उमेदवारीची वर्षे

'उमेदवार' हा शब्द आता निवडणुकीच्या फलकांनी बळकावला आहे. परंतु पूर्वी तो मामलेदार कचेरीच्या ओसरीवरचा शब्द होता. कारकुनाची एखादी जागा रिकामी होईल आणि साहेबांची मर्जी आपल्यावर बसेल, या आशेवर जो तरुण वर्ष-दोन वर्षे बिनपगारी नकला उतरवीत आणि दप्तरे बांधीत-सोडीत बसे, तो उमेदवार. आणि त्याची ती वर्षे म्हणजे उमेदवारी. जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत मात्र ही उमेदवारी माणसांपुरतीच राहिलेली नाही. तेथे ती खोंडालाही करावी लागते, आणि तिचा हिशेब वर्षांनी नव्हे, तर दातांनी मांडला जातो.

'घाट' या शब्दाला या मुलखात दोन अर्थ आहेत. एक घाट म्हणजे नाणेघाट, ज्यातून सातवाहनांच्या काळी कल्याण बंदराचा माल जुन्नरच्या पेठेकडे चढे आणि ज्याच्या माथ्यावरील लेण्यात नागनिका राणीच्या यज्ञांतील दक्षिणेची मोजदाद आजही कोरलेली दिसते. दुसरा घाट म्हणजे गावाबाहेर, बहुधा ग्रामदैवताच्या देवळाच्या आसऱ्याने, चढणीवर आखलेली बैलगाड्यांची धाव. एका घाटात शतकानुशतके बैलाने ओझे वाहिले. दुसऱ्यात तो ओझ्यावाचून, आणि गंमत अशी की गाडीवानावाचूनही, पळतो.

कारण सातारा-सांगलीकडे जशी एका जोडीची गाडी गाडीवानासह पळते, तशी रीत खेड, आंबेगाव, जुन्नर आणि मावळ या भागांत नाही. येथे चार बैल आणि एक हलका गाडा. मागची जोडी धुरेला, पुढची जुकाटाला, आणि त्या दोहोंच्याही पुढे स्वारासह उधळलेली घोडी. वरच्या टोकाला निशाण, खालच्या टोकाला जोत धरून उभी असलेली माणसे, कर्ण्यावरून निवेदकाची अखंड बडबड, भंडाऱ्याने पिवळी झालेली हवा. आणि मग 'भिर्रर्र' अशी जी एक आरोळी उठते, तिच्या शेवटापर्यंत पाहणाऱ्याची मान वळते न वळते तोच गाडा निशाणापार गेलेला असतो. या एका धावेला 'बारी' म्हणतात. वर्षभर ज्या जनावराला घरच्या मुलापेक्षा अधिक जपले, त्याची सारी परीक्षा काही सेकंदांच्या एका बारीत आटोपते. ती फसली तर बैलाला घेऊन मुकाट्याने पुढच्या यात्रेची वाट धरायची.

खोंडाचे दुधाचे दात असेतोवर तो आदत. दोन दात आले की दुसा, चार आले की चौसा. या वयातच त्याला एखाद्या जाणत्या बैलाच्या जोडीला घालून घाटाची, गर्दीची आणि कर्ण्याच्या आवाजाची सवय लावतात. ज्या मालकापाशी दावणीला चारही बैल नसतात, तो दुसऱ्याशी जुगलबंदी करतो, म्हणजे आपली जोडी त्याच्या जोडीबरोबर जुंपतो. पुकारा मात्र बहुधा मालकाच्या नावाआधी त्याच्या दैवताच्या नावाने होतो: अमुक अमुक प्रसन्न. या पुकाऱ्यात त्या प्रथेचे मूळ उघडे पडते, कारण गाडा पळवणे हा प्रथमतः नवस होता, खेळ नंतर झाला. आंबेगाव तालुक्यात नागापूरजवळ थापलिंगच्या गडावर खंडोबाची जी यात्रा पौष पौर्णिमेला भरते, तेथे हे नवसाचे नाते अजून स्पष्ट दिसते. फेटा आणि नारळ यांच्या मानावरून बक्षिसे पुढे रोख रकमांवर, मोटारसायकलींवर आणि ट्रॅक्टरवर गेली, आणि देवाची सेवा करणारा बैल हळूहळू व्यावसायिक झाला. यात भ्रष्ट काही झाले असे मला वाटत नाही. कुस्तीच्या फडातही इनामावाचून पहिलवान पोसला गेल्याचे ऐकिवात नाही.

आता थोडे दूर जातो. जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईच्या टेनिस स्पर्धेत डॅनिल मेदवेदेव नावाचा एक मॉस्कोचा मुलगा अंतिम फेरीत आला. वय वीस, जगातील पहिल्या शंभर खेळाडूंच्या यादीच्या काठावर नुकताच पाय ठेवलेला, व्यावसायिक टेनिसच्या वरच्या वर्तुळातील त्याची ही पहिलीच अंतिम फेरी. स्पेनच्या रॉबर्टो बौटिस्टा अगुटने त्याला ६-३, ६-४ असे हरवले. हा मुलगा म्हणजे माझ्या मते अस्सल उमेदवार होता: पिशवीत रॅकेटी घालून गावोगावच्या लहान स्पर्धा खेळत, एकेक गुण गोळा करीत फिरणारा, जसा आमच्याकडचा मालक टेम्पोत खोंड चढवून या यात्रेतून त्या यात्रेला जातो.

परंतु खरा चमत्कारिक भाग पुढेच आहे. ती स्पर्धा मुळात चेन्नईची नव्हतीच. १९९६ मध्ये ती दिल्लीत सुरू झाली, पुढच्या वर्षी चेन्नईला गेली, आणि जानेवारी २०१८ मध्ये पुण्यात, बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडानगरीत उतरली. त्याच महिन्यात मेदवेदेवने सिडनीत त्या वर्तुळातील आपले पहिले विजेतेपद मिळवले. पुण्यात ती स्पर्धा २०२३ पर्यंत भरली, मधले २०२१ हे वर्ष तेवढे वगळून, आणि नंतर येथूनही उठली. खेळाडू फिरतो हे आपण समजू शकतो. पण यात्राच बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडते हे जुन्नरच्या माणसाला सहसा पटणार नाही. थापलिंगची यात्रा उद्या दिल्लीला भरवू असे कोणी म्हटले, तर त्याला वैद्याकडे नेतील. आमचा घाट देवाशी आणि तिथीशी बांधलेला आहे; तो हलत नाही, आणि न हलण्याचे मोल त्याला एकदा चांगलेच मोजावे लागले.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा जुनाच. त्याच्या आधारे ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने प्रदर्शनासाठी शिकवण्यास मनाई असलेल्या प्राण्यांत बैलाचा समावेश केला, आणि ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील जल्लीकट्टूबरोबर महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींनाही कायमची मनाई केली. न्यायालयापुढील तक्रार निराधार होती असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. चाबूक, टोचणी आणि त्याहून वाईट प्रकार घाटावर घडत, आणि ते पाहिलेला माणूस ते नाकारू शकत नाही. राज्याने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, तर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने तिच्या अंमलाला स्थगिती दिली. मोर्चे निघाले, निवेदने दिली गेली, फिर्यादी आणि कैफियती यांनी दप्तरे भरली. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याची दुरुस्ती वैध ठरवली.

या तारखा कायद्याच्या पुस्तकात सुबक दिसतात. खोंडाच्या दातांपुढे त्या ठेवून पाहाव्या. २०१३ साली जन्मलेला खोंड २०१५-१६ च्या सुमारास दुसा झाला, पुढील दोन-तीन वर्षांत सारे दात येऊन त्याचे तोंड जुळले, आणि परवानगी आली तेव्हा तो आठ वर्षांचा झाला होता. त्याची उमेदवारी एकाही बारीवाचून संपली. बंदीच्या वर्षांत काही ठिकाणी चोरून शर्यती झाल्या आणि गुन्हेही दाखल झाले, परंतु चोरीच्या शर्यतीत मालकाला नाव कोठून मिळणार? घाटांवर कुसळे माजली. टेनिसची स्पर्धा अशा वेळी दुसऱ्या शहरात जाऊन भरते. घाटाला दुसरे शहर नाही.

खेळाडूला मात्र ते असते, असेही सर्वथा म्हणवत नाही. २८ फेब्रुवारी २०२२ रोजी तो मॉस्कोचा मुलगा जगातील पहिल्या क्रमांकावर पोचला, आणि युक्रेनवरील आक्रमणामुळे रशिया व बेलारूस यांच्या खेळाडूंना त्या वर्षी विम्बल्डनने दार बंद केले. त्याच वर्षी बंदीनंतरच्या पहिल्या हंगामात आमचे घाट पुन्हा धुळीने भरले. दोन्ही ठिकाणी पळणाऱ्याला कोणी विचारले नव्हते, एवढे साम्य सोडले तर या दोन गोष्टींत नाते जोडण्याचा अट्टाहास मी करणार नाही. रशियाच्या खेळाडूंसाठी निदान बाकीच्या बहुतेक स्पर्धा उघड्या होत्या, भले त्यांच्या नावापुढे देशाचे निशाण लागत नसो.

आता शर्यतीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, जनावरांची वैद्यकीय तपासणी होते, धाव एक हजार मीटरांच्या आत ठेवावी लागते आणि चाबूक बाळगता येत नाही. बेल्ह्याच्या बाजारात खोंडांना पुन्हा गिऱ्हाईक आहे. तेथे मालक बोलतो पुष्कळ, अमक्याचा वारस आणि तमक्याच्या दावणीचा म्हणून सांगतो. गिऱ्हाईक ऐकून घेतो, उत्तर देत नाही, जवळ जातो, एका हाताने वेसण धरतो, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने खोंडाचा खालचा ओठ दाबून खाली करतो, आणि दात मोजतो.