हृदयाचे चित्र आणि किरणांची मात्रा

१८९५ साली राँटजेनने क्षकिरण शोधले आणि जिवंत माणसाची हाडे जगाला दिसू लागली. या वरदानाची दुसरी बाजूही लवकरच कळून आली. एडिसनचा सहाय्यक क्लॅरन्स डॅली याच किरणांच्या आघाताने १९०४ साली मरण पावला.

१९७१ साली लंडनमध्ये हाउन्सफील्डच्या यंत्राने रुग्णाच्या मेंदूचे पहिले सीटी चित्र घेतले. पण मेंदू स्थिर असतो. हृदय क्षणभरही थांबत नाही. म्हणून पुढे हृदयाचे चित्र घेताना ठोकाभर किरण सोडून मागाहून उपयोगी क्षण निवडीत. शिवाय चित्रातील दाणेदारपणा निम्म्यावर आणावयाचा, तर किरण चौपट लागतात. २००७ साली ५० केंद्रांच्या पाहणीत एका तपासणीची मध्यम मात्रा १२ मिलिसीव्हर्ट, म्हणजे निसर्गाकडून सुमारे ५ वर्षांत मिळावी एवढी, आढळली.

तेव्हा उपाय सुरू झाले. औषधाने नाडी मंद करावी, ठोक्यातील निवांत क्षणापुरतेच किरण सोडावेत, सडपातळ रुग्णासाठी नळीचा विद्युद्दाब उतरवावा आणि उरलेला दाणेदारपणा संगणकाने निवळावा. २०१७ च्या पाहणीत किरणांचे प्रमाण ७८ टक्क्यांनी घटलेले दिसले. निकामी चित्रे मात्र वाढली नव्हती. तरीही केंद्राकेंद्रांत कित्येक पटींचा फरक उरलाच होता.

म्हणजे यंत्र सुधारले तरी विवेक माणसालाच करावा लागतो. मात्रा फार तोडली आणि निदानच झाले नाही, तर घेतलेले थोडे किरणही व्यर्थ. चित्र देखणे नव्हे, निर्णयापुरते स्पष्ट असावे, हेच खरे माप.