नियतकालिकाचे दप्तर आणि परवाना

१९९५ साली सान फ्रान्सिस्कोहून ‘सलॉन’ हे महाजालावरील नियतकालिक निघाले आणि पुढल्याच वर्षी मायक्रोसॉफ्टच्या आश्रयाने ‘स्लेट’ निघाले, त्या काळी महाजालावर लहानसे मासिक चालविणे म्हणजे प्रत्येक लेखाचे पान एचटीएमएलच्या खुणांनी हाताने बांधणे होते. मथळ्यातील एक अक्षर चुकले तरी संपादकास तंत्रज्ञाची मनधरणी करावी लागे, आणि मुखपृष्ठाची धाटणी बदलावयाची ठरली की मागील अंकांची पाने एकेक करून उघडावी लागत. मजकूर एका ठिकाणी, मांडणी दुसऱ्या ठिकाणी आणि दोहोंचा संयोग यंत्राकडून, अशी जी आशय-व्यवस्थापन प्रणाली या जाचातून सोडविणार होती, ती प्रथम धनिकांच्या दारी आली. सीनेट कंपनीने स्वतःसाठी घडविलेली अशी प्रणाली टेक्सासमधील व्हिग्नेट कंपनीकडे गेली व ‘स्टोरीसर्व्हर’ या नावाने विकली जाऊ लागली. तिची किंमत लहान नियतकालिकाच्या चालकाने विचारूही नये अशी होती.

सामान्य संपादकाचे दैव उघडले ते २००१ साली. त्या वर्षीच्या जानेवारीत अँटवर्प येथील विद्यार्थी ड्रीस बाउटार्ट याने ‘ड्रुपल’ सर्वांस खुले केले, आणि ऑक्टोबरात बेन व मीना ट्रॉट या अमेरिकन दांपत्याने ‘मुव्हेबल टाइप’ प्रसिद्ध केले. यांपैकी दुसऱ्याची रचना फार सुबक होती. लेख प्रकाशित करताच ते त्याचे स्थिर पान तयार करून सर्व्हरवर ठेवी, त्यामुळे वाचकांची गर्दी झाली तरी यंत्र कोलमडत नसे. मात्र साचा बदलला की सारी पाने पुन्हा बांधावी लागत व मोठ्या संग्रहाच्या संपादकास तोवर स्वस्थ बसावे लागे. हे सॉफ्टवेअर व्यक्तिगत उपयोगासाठी विनामूल्य होते आणि त्याचा कोडही वाचता येत असे, परंतु तो इतरांस वाटण्याचा अधिकार कोणास दिलेला नव्हता. या भेदाकडे तेव्हा फारसे कोणी लक्ष दिले नाही. फुकट मिळणाऱ्या वस्तूची सनद वाचण्याची प्रथा आपल्याकडे नाही, तशी तिकडेही नसावी.

ही बेफिकिरी १३ मे २००४ रोजी अंगाशी आली. मुव्हेबल टाइपची तिसरी आवृत्ती जाहीर झाली, तिच्या परवान्यात विनामूल्य उपयोगाची मुभा एका लेखकापुरती व तीन ब्लॉगांपुरती मर्यादित केली होती, आणि त्यापुढे प्रत्येक लेखकामागे जणू जकात बसविली होती. चार-पाच मित्रांनी मिळून चालविलेली प्रकाशने यात नेमकी सापडली. जुनी आवृत्ती वापरण्यास हरकत नव्हती, पण जिची पुढे निगा राखली जाणार नाही अशा इमारतीत कोण राहील? मुव्हेबल टाइपच्या चालकांनी थोड्याच दिवसांत दर व अटी सौम्य केल्या. विश्वास मात्र परत आला नाही.

जाणाऱ्यांस जागा तयार होती. मिशेल व्हाल्ड्रिघी यांची ‘बी२’ ही प्रणाली बेवारशी पडू लागली तेव्हा ह्यूस्टनचा मॅट मुलेनवेग व इंग्लंडमधील माइक लिटल यांनी तिचा वारसा चालवून २७ मे २००३ रोजी ‘वर्डप्रेस’ प्रसिद्ध केले होते. बी२ ही कोड बदलण्याची व वाटण्याची मुभा देणाऱ्या जीपीएल या परवान्याखाली होती म्हणूनच हा वारसा परक्यास मिळू शकला. वर्डप्रेसची १.२ आवृत्ती, प्लगइनची सोय घेऊन, २२ मे २००४ रोजी आली, म्हणजे मुव्हेबल टाइपच्या फर्मानानंतर अवघ्या नऊ दिवसांनी. गमतीची गोष्ट अशी की मुव्हेबल टाइपमध्येच सर्व लेख साध्या मजकुराच्या एका फाइलीत बाहेर काढण्याची सोय होती, आणि त्याच फाइलीवरून लोकांनी स्थलांतर केले. ट्रॉट दांपत्याच्या सचोटीचे हे प्रमाणपत्रच समजावे. कुलकर्ण्याने दप्तर दाबून ठेवावे तसे त्यांनी केले नाही. २००७ च्या डिसेंबरात त्यांच्या कंपनीने आपली प्रणालीही जीपीएलखाली खुली केली, पण तोवर बाजार उठला होता.

मराठीत ही निवड निराळ्या वळणाने झाली. ‘मनोगत’, ‘मिसळपाव’, ‘ऐसी अक्षरे’ या संकेतस्थळांनी ड्रुपल पत्करले, कारण अनेक लेखकांचा राबता सांभाळण्याची तजवीज त्यात मुळातच होती. मराठीचा खरा पेच अक्षरांचा होता. मायएसक्यूएल या डेटाबेसची मूळ योजना पश्चिम युरोपीय लिपींपुरती होती, तर यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. त्यामुळे जोवर सर्व्हर तोच आहे तोवर लेख नीट दिसे आणि सर्व्हर बदलताच ‘ज्ञ’च्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राही. वर्डप्रेसने २००७ च्या २.२ आवृत्तीत डेटाबेसची अक्षरव्यवस्था निश्चित करण्याची सोय केली, तोपर्यंत कित्येकांची दप्तरे अशी भ्रष्ट झाली असणार.

परवाना मुक्त असला म्हणजे सर्व साधले, असेही नाही. २०२४ च्या सप्टेंबरात मुलेनवेग व वर्डप्रेसची संकेतस्थळे आपल्या सर्व्हरवर ठेवणारी डब्ल्यूपी इंजिन ही कंपनी यांचा कलह विकोपास गेला, तेव्हा तिच्या सर्व्हरवरील संकेतस्थळांस अद्ययावत प्लगइन मिळण्याचा मार्ग काही काळ बंद झाला. कोडची मालकी सर्वांची, पण प्लगइनच्या कोठाराची किल्ली एकाच्या हाती, हे त्या वेळी दिसून आले. तरीही वर्डप्रेस सोडून जाण्याचा मार्ग वापरकर्त्यांस मोकळाच होता, आणि माझ्या मते प्रणालीची परीक्षा याच एका गोष्टीवर करावी. नवे नियतकालिक काढणाऱ्या मराठी संपादकांस विनंती आहे की, साच्यांचे रंग पाहण्यापूर्वी एखादा जुना दिवाळी अंक त्या प्रणालीत भरावा, तो पुन्हा बाहेर काढून दुसऱ्या सर्व्हरवर उघडावा, आणि जोडाक्षरे शाबूत आहेत असे दिसल्यावरच होकार द्यावा.