कचऱ्यावर उगवलेलं जंगल

सायन-वांद्रे लिंक रोडवर, धारावीसमोर एक दाट जंगल दिसतं. महाराष्ट्र निसर्ग उद्यान, ३७ एकर. १९७७ पर्यंत इथे चक्क मुंबईचा कचरा पडायचा. डम्पिंग बंद झालं, आणि १९८३ मध्ये पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी पहिलं झाड लावलं. १९९४ मध्ये उद्यान सगळ्यांसाठी उघडलं.

आता गंमत बघा. पलीकडे बीकेसी वाढत गेलं, जमिनीचे भाव आभाळाला भिडले. हीच जागा आज रिकामी झाली असती, तर तिथे झाडं लावू दिली असती कुणी? म्हणून सांगतो, पडीक जागा सगळ्यांची करायची असेल, तर तिला भाव येण्याआधीच ठरवावं लागतं. तुमच्या भागात अशी कुठली जागा आहे?