देणाऱ्यांची संघटना : कौन्सिल ऑफ मिशिगन फाउंडेशन्स

मदत मागणाऱ्यांनी संघटित व्हावे, यात नवल नाही. दान देणाऱ्या संस्थांनीही एकत्र येऊन आपली सभासद संघटना स्थापावी, ही कल्पना मात्र प्रामुख्याने अमेरिकेत रुजली. टेक्सासमध्ये १९४८ साली अशा प्रादेशिक संघटनेचा प्रारंभ झाला. मिशिगन राज्यातील ‘कौन्सिल ऑफ मिशिगन फाउंडेशन्स’ ही परिषद १९७०च्या दशकात आकारास आली. २००० सालापर्यंत डोरोथी जॉन्सन यांनी तिची धुरा वाहिली.

परिषदेच्या स्थापनेमागे कायद्याची पार्श्वभूमी होती. धर्मादाय प्रतिष्ठाने करसवलत घेतात, पण पैसा साठवून ठेवतात, अशी टीका अमेरिकी संसदेत १९६०च्या दशकात सातत्याने झाली. तिची परिणती १९६९च्या करसुधारणा कायद्यात झाली. संस्थापक व विश्वस्तांनी प्रतिष्ठानाशी स्वार्थाचे व्यवहार करण्यावर निर्बंध आले आणि दरवर्षी किमान रक्कम वाटणे बंधनकारक ठरले. आज हे प्रमाण मालमत्तेच्या सुमारे पाच टक्के आहे. नियम पाळायचे, हिशेब जाहीर करायचे आणि पैसा योग्य हाती पोहोचवायचा, तर छोट्या प्रतिष्ठानांना जाणकार सल्ल्याची गरज होती.

मिशिगनमध्ये मोठ्या देणग्यांची परंपरा जुनी आहे. न्याहारीच्या पदार्थांच्या उद्योगातून केलॉग, मोटार उद्योगातून मॉट आणि दुकानांच्या साखळीतून क्रेस्गी अशी मातब्बर प्रतिष्ठाने येथे उभी राहिली. त्यांच्यासह कौटुंबिक न्यास, कंपन्यांचे निधी आणि गावोगावची सामुदायिक प्रतिष्ठाने परिषदेचे सभासद होतात. परिषद स्वतः गरजूंना अनुदाने वाटणारी संस्था नव्हे. विश्वस्तांचे प्रशिक्षण, कायदेविषयक मार्गदर्शन, वार्षिक परिषद आणि शासनापुढे सभासदांची बाजू मांडणे, हे तिचे मुख्य कार्य होय.

परिषदेचा सर्वांत अभिनव उपक्रम १९८८च्या सुमारास केलॉग प्रतिष्ठानाच्या साहाय्याने सुरू झाला. सामुदायिक प्रतिष्ठानाने स्थानिक निधी उभारला की केलॉग त्यात भर घालत असे. अट अशी की, युवकांसाठी कायम निधी ठेवावा आणि त्यातील अनुदाने कोणाला द्यायची, हे शाळकरी वयाच्या मुलामुलींच्या समितीने ठरवावे. मुले अर्ज वाचतात, चर्चा करतात आणि नकार देण्याची जबाबदारीही पेलतात. २००३ साली राज्य शासन व प्रतिष्ठाने यांच्यात दुवा साधणारे स्वतंत्र कार्यालयही मिशिगनमध्ये निर्माण झाले. अमेरिकेतील हा पहिलाच असा प्रयोग होता.

एकत्रित दानाची खरी कसोटी डेट्रॉइट शहरात लागली. जुलै २०१३ मध्ये महापालिकेने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा निवृत्त कर्मचाऱ्यांचे निवृत्तिवेतन आणि कलासंग्रहालयातील चित्रे, दोन्ही धोक्यात आली. न्यायाधीश जेराल्ड रोझेन यांच्या मध्यस्थीने प्रतिष्ठानांनी वीस वर्षांत सुमारे ३६ कोटी ६० लाख डॉलर देण्याचे मान्य केले. राज्य शासन व संग्रहालयाचाही त्यात वाटा होता. चित्रे विकली गेली नाहीत आणि निवृत्तिवेतनातील मोठी कपात टळली. तरीही बहुसंख्य नागरी निवृत्तांना साडेचार टक्के कपात सोसावी लागली, महागाईवाढही गमवावी लागली. हा तोडगा परिषदेने घडवलेला नसला, तरी प्रतिष्ठानांनी एका टेबलाभोवती बसण्याची सवय किती मोलाची असते, याची साक्ष त्यातून मिळते.

मात्र या व्यवस्थेला मर्यादाही आहेत. सभासदत्व ऐच्छिक असल्याने अनुदान कोणाला द्यावे, याची सक्ती परिषद करू शकत नाही. शिस्तीचा बडगा राज्याच्या महाधिवक्त्यांच्या आणि संघीय करखात्याच्याच हाती असतो. शिवाय संघटित देणगीदारांचा शासनदरबारी वाढता प्रभाव लोकांना कितपत उत्तरदायी आहे, हा प्रश्नही उरतोच. करसवलतीमुळे या पैशात जनतेचाही अप्रत्यक्ष वाटा असतो. म्हणूनच दाते एकत्र आले, एवढ्याने भागत नाही. त्यांनी एकत्र येऊन कोणाचे ऐकले, यावरच अशा संघटनेचे मोल ठरते.